जंतूचा शिरकाव



आमचा पेशा कामगार संघटनेचा. शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे काही शिकलो ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात तारखेची वाट पाहताना. अशा माणसाने रोगजंतूंवर व्याख्यान द्यावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पण जंतूंचा अभ्यास आम्ही हौसेने आरंभला नाही. एका दाव्यापायी तो करावा लागला, आणि मग त्याची गोडीच लागली. दाव्याची हकिकत ओघात येईल; आधी जंतूची ओळख करून घेऊ.

'जंतू झाला आणि माणूस गेला' असे आपण सहज बोलतो. जणू जंतू हा दरोडेखोर, रात्री आला आणि घर लुटून गेला. वास्तविक जंतू नेहमीच आलेले असतात. आपल्या कातडीवर, आतड्यात, अंगणातल्या तुळशीच्या पानावर त्यांची बिऱ्हाडे कायमची आहेत, आणि त्यांतले बहुतेक गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे. तेव्हा जंतू कोठून आला यापेक्षा त्याला पाय रोवायला जागा कशी मिळाली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

यासाठी आम्ही एकच जंतू घेतो. १८८२ साली कार्ल गेसार या फ्रेंच औषधनिर्मात्याने, जखमांवरच्या पट्ट्यांना निळाहिरवा रंग का चढतो याचा शोध घेताना हा जंतू वेगळा काढला. त्याचे शास्त्रीय नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. एरुजिनोसा म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकाच्या रंगाचा. आपण त्याला हिरवा जंतू म्हणू. लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी, मागे एक शेपटी. राहणे ओलीत: माती, साचलेले पाणी, मोरी, नळाची तोटी, बादलीत तसेच पडलेले ओले फडके. धडधाकट माणसाच्या हाताला तो रोज लागतो आणि काही होत नाही. कातडी कोरडी असते, किंचित आंबट असते आणि तिचा वरचा थर सतत झडत असतो. चिकटलेला जंतू त्या थराबरोबर गळून पडतो.

आता हीच कातडी वाफेने भाजली, तर काय होते पाहा. भाजल्यानंतर प्रथम जखम जवळजवळ निर्जंतुक असते, कारण उष्णतेने वरचे जंतूही मरतात. पण घामाच्या ग्रंथींत आणि केसांच्या मुळाशी खोल राहिलेले काही वाचतात, आणि पहिल्या दोन दिवसांत ते वर येऊन जागा धरतात. हे आपलेच घरचे जंतू. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास बाहेरची मंडळी येते, आणि त्यांत हा हिरवा जंतू पुढे असतो. मेलेल्या कातडीत रक्त फिरत नाही. रक्त नाही म्हणजे पांढऱ्या पेशींचा पहारा नाही, आणि शिरेतून दिलेले औषधही तेथवर नीट पोचत नाही. शिवाय मोठ्या भाजण्याने सगळ्या शरीराचीच प्रतिकारशक्ती खचते. ओल, ऊब, अन्न आणि पहारा उठलेला! जंतूला आणखी काय हवे?

तरीही तो घाई करत नाही. आधी तो चिकटतो. त्याच्या अंगाला अतिशय बारीक तंतू असतात. ते पुढे फेकायचे, टोक चिकटवायचे आणि आखडून घेत स्वतःला ओढायचे, अशी त्याची चाल. गलबताला दोर टाकून धक्क्याला ओढावे, तशी. चिकटला की तो वाढू लागतो, एकाचे दोन, दोनाचे चार. आणि यापुढची गोष्ट वाचली तेव्हा आम्ही वाचनालयात मोठ्याने हसलो होतो, ग्रंथपालांनी वर पाहिले. हे जंतू आपली संख्या मोजतात! प्रत्येक जंतू एक रसायन थोडे थोडे बाहेर सोडतो. आसपास जंतू थोडे असतील तर ते विरून जाते. दाटी झाली की साचते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे साचले की सर्वांना एकदम इशारा मिळतो. मग सगळे मिळून कातडीचे तंतू विरघळवणारी पाचके आणि इतर विषारी द्रव्ये सोडू लागतात. आधी एकट्यादुकट्याने सुरुवात केली असती तर शरीर सावध झाले असते. १९९४ साली काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी या प्रकाराला नाव दिले ते सभाशास्त्रातले, गणपूर्तीचे. तीस वर्षे आम्ही गेटसभा घेत आलो आहोत. गणपूर्तीवाचून संपाची हाक देणाऱ्याचे काय होते हे आम्हांला कोणी शिकवायला नको. आणि गंमत अशी की त्यांच्यातही वर्गणी न भरणारे निघतात. काही जंतू पाचके बनवण्याचा खर्च टाळतात आणि इतरांनी पचवलेल्यावर पोसतात.

दाटी झाल्यावर ते स्वतःभोवती बुळबुळीत थर घालून घेतात. न घासलेल्या हौदाला आतून जी बुळबुळ येते, त्याच जातीचा हा थर. त्याच्या आडचे जंतू औषधाला सहजी दाद देत नाहीत. आणि पांढरी पेशी जवळ आलीच, तर तिच्यासाठी एक हत्यार आहे: सूक्ष्म पिचकारी. सुई पेशीला टेकवून आपले पदार्थ ते थेट पेशीच्या आत ढकलतात. पुण्यामुंबईने १८९६-९७ साली ज्या प्लेगचा कहर भोगला, त्या प्लेगच्या जंतूकडेही याच घडणीची पिचकारी आहे.

आता दाव्याबद्दल. १९९८ साली एका कापड कारखान्याच्या रंगखात्यात वाफेच्या नळाचा जोड सुटला आणि आमचा एक सभासद छातीपासून मांडीपर्यंत भाजला. आठव्या दिवशी पट्टी हिरवी झाली. बाराव्या दिवशी तो गेला. मागे पत्नी आणि दोन मुली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज केला, तेव्हा मालकाच्या वकिलांचे म्हणणे पडले की मृत्यू अपघाताने झालाच नाही. तो रुग्णालयात जंतूने झाला, आणि जंतू काही कारखान्याच्या नोकरीत नव्हता. वाक्य ऐकायला झकास होते. आमच्या बाजूने ज्या शल्यवैद्यांनी साक्ष दिली, त्यांनी वर सांगितलेली दिवसांची मोजणीच आयुक्तांपुढे मांडली: पहिले दोन दिवस घरचे जंतू, आठवड्याच्या सुमारास हिरवा जंतू, आणि या सगळ्याच्या आधी वाफ. अखंड कातडीवर हा जंतू टाकून पाहा, असे त्यांनी वकिलांना सुचवले. भरपाई मिळाली, पण मिळायला चार वर्षे लागली, आणि तोवर थोरल्या मुलीची शाळा सुटली होती.

हाच जंतू झाडालाही लागतो, हे आम्हांला पुष्कळ नंतर कळले. १९९५ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात लॉरेन्स राह्मे, फ्रेडरिक ऑसुबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या रोगातून मिळालेला हिरवा जंतू मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपाच्या पानात घातला. पान सडून मऊ झाले. मग त्यांनी जंतूचे काही गुणसूचक, म्हणजे जीन, एकेक करून बिघडवले. जे बिघडवल्याने पान सडायचे कमी झाले, तेच बिघडवल्याने भाजलेल्या उंदरांतही जंतू दुबळा पडला. माणसासाठी एक हत्यार आणि पानासाठी दुसरे, असा त्याचा हिशेब नाही.

झाडाला कातडीऐवजी मेणचट साल असते आणि श्वासासाठी पानावर असंख्य छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन पहारेकरी पेशी. २००६ साली मेलोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हिरव्या जंतूचाच एक भाऊबंद पानावर आला की झाड त्याला ओळखते आणि तासा-दोन तासांत छिद्रे मिटून घेते. पण या भाऊबंदाजवळ एक द्रव्य आहे, झाडाच्याच एका संप्रेरकाची हुबेहूब नक्कल. ती चालवून तो तीन-चार तासांत दार पुन्हा उघडून घेतो. पहारेकऱ्याला मालकाच्या खोट्या सहीची चिठ्ठी दाखवावी, तसा प्रकार.

आपल्याकडे डाळिंबावरचा तेल्या हे याचे रोजचे उदाहरण. सोलापूर-सांगोल्याकडच्या बागाईतदाराला तो समजावून सांगायला नको. हा झँथोमोनास नावाचा जंतू पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, पानाच्या छिद्रांतून आणि जखमांतून शिरतो. प्रथम तेलकट डाग, पुढे फळाला चिरा. त्याच्याजवळही पिचकारी आहेच. मृग बहारात तो अधिक माजतो, कारण हवा दमट. रोगट झाडाच्या गुटी कलमांबरोबर तो दुसऱ्या बागेत जातो, आणि छाटणीच्या कात्रीवर बसून या झाडावरून त्या झाडावर. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. रोजावर, झाडामागे दर ठरवून छाटणी करणारा मजूर हे करील का, हा प्रश्न मात्र शेतकी पत्रकात कोणी विचारत नाही. बुडवण्यात जाणाऱ्या वेळेचे पैसे त्याला मिळाले तर करील.

तेल्यावर वर्षानुवर्षे फवारले गेलेले औषध म्हणजे स्ट्रेप्टोसायक्लिन. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे नाव बागाईतदारांना त्यामुळेच माहीत. त्यातले मुख्य द्रव्य स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावरचे पहिले खरे औषध. येथे थोडे विषयांतर करतो, ते आम्हांला आवरत नाही. हे औषध १९४३ साली अमेरिकेत रटगर्सच्या तळघरात अल्बर्ट शॅट्झ या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने शोधले. त्याला १९५० साली आपल्याच गुरूवर, सेल्मन वॅक्समनवर, फिर्याद करावी लागली. तडजोडीत सहसंशोधक म्हणून नाव आणि स्वामित्वधनाचा तीन टक्के वाटा मिळाला. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समनला. असो. क्षयरोग्याला वाचवणारे औषध बागेत पिंपांनी ओतले, की मातीतल्या जंतूंना त्याची सवय होते, आणि एका जंतूने कमावलेली ही सवय पुष्कळदा दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देता येते. बागेतली माती आणि रुग्णालयाची मोरी यांना जोडणारे पाणी एकच आहे.

मोरीवरून आठवले. भाजलेल्या रुग्णांच्या कक्षातील हात धुण्याच्या भांड्याखाली, नळीच्या वाकात, हिरव्या जंतूची बुळबुळ बसते. तोटीची धार थेट जाळीवर पडली की तेथून उडालेले तुषार परिचारिकेच्या हातांवर आणि शेजारच्या ट्रेवर जातात. धार जाळीपासून बाजूला पडेल अशी तोटी बसवली तर हे पुष्कळ कमी होते. खर्च किरकोळ आहे. आमच्या शहरातील एका रुग्णालयाच्या कंत्राटी सफाई कामगारांनी यंदा जे मागणीपत्र दिले, त्यात किमान वेतन आणि हातमोजे यांच्याखाली सातवे कलम या तोटीचे आहे. ते आम्ही सुचवलेले नाही. भाजलेल्यांचा कक्ष रोज पुसणाऱ्या बायकांनीच ते घातले. व्यवस्थापनाशी पहिली बैठक येत्या सोमवारी आहे.