देहाच्या पुनरुत्थानाची आशा

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मंदिर कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, किती बालकांचा स्नानसंस्कार झाला, याचा हिशेब आपण आनंदानें मांडतों, आणि तो मांडावाच. परंतु धर्मग्रामाच्या कपाटांत स्नानसंस्काराच्या वहीशेजारीं मृतांचीहि वही आहे. तिच्यांतल्या माणसांना वगळून महोत्सव कसला? म्हणून मीं आज विश्वासांगीकारांतील एक कलम निवडलें आहे, जें आपण वारंवार म्हणतों आणि बहुधा घाईनें म्हणतों: देहाचें पुनरुत्थान.

आत्मा अमर आहे एवढें तर प्लेटोहि सांगत होता. ख्रिस्तसभा त्याहून मोठी गोष्ट सांगते. ज्या हातांनीं आईनें तुम्हांस भरविलें, ज्या पाठीवर बापानें ओझीं वाहिलीं, तो देहहि देवाला टाकाऊ नाहीं. अलीकडे मृताच्या फोटोखालीं ‘आई आकाशांत तारा झाली’ असें छापण्याची चाल पडली आहे. हेतु प्रेमाचा असेल. पण हें समाधान फारच स्वस्त आहे. आई तारा होत नाहीं, देवदूतहि होत नाहीं. ती आईच राहते, आणि आई म्हणूनच उठणार आहे.

हें आज सांगण्यास कारण आहे. २०२० व २०२१ सालच्या महामारींत कित्येक घरीं मृतदेह आलाच नाहीं. त्यास स्नान घातलें नाहीं, हातांत जपमाळ गुंफली नाहीं, शेवटचें मुखदर्शनहि घडलें नाहीं. कांहींना मूठभर मातीहि टाकतां आली नाहीं, आणि कांहींचीं माणसें तर अग्नीच्या स्वाधीन करावीं लागलीं. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्याकडे वारंवार आला आहे, विचारणारे निरनिराळे, प्रश्न मात्र तोच: “फादर, आईला अग्नि दिला. आतां तिचें काय उठणार?”

हा प्रश्न नवा नाहीं. इसवी सन १७७ मध्यें, मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाच्या कारकिर्दींत, गॉल देशांतील लिओं नगरांत ख्रिस्ती जनांचा भयंकर छळ झाला. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस मार खाऊन तुरुंगांत वारले. ब्लांदिना नांवाच्या दासीनें इतक्या यातना सोसल्या कीं छळणारेच थकले. पुढें जें झालें तें नीट ऐका. हुतात्म्यांचे देह सहा दिवस उघड्यावर टाकिले, मग जाळिले, आणि राख रोन नदींत लोटून दिली. हेतु हाच कीं, या लोकांना पुनरुत्थानाची आशा उरूं नये! मागें राहिलेल्यांनीं आशियांतील बांधवांस पत्र लिहिलें. तें इतिहासकार युसेबियसनें जपून ठेविलें आहे. त्यांत त्यांचें दुःख हेंच कीं देह पुरतां आले नाहींत. रात्रीचा अंधार कामीं आला नाहीं, पैसा चालला नाहीं, विनवण्या वायां गेल्या; पहारेकरी हलले नाहींत. इस्पितळाच्या दाराबाहेर ताटकळलेल्यांनो, तुमचें दुःख किती जुनें आहे पाहा.

आणि त्या नगराचा पुढचा बिशप कोण? संत इरिनेयस. देहाला तारण नाहीं म्हणणाऱ्या पाखंड्यांविरुद्ध त्यानें मोठा ग्रंथ लिहिला आणि देहाच्या पुनरुत्थानाचा कैवार घेतला. ज्याच्या धर्मग्रामाचे हुतात्मे राख होऊन वाहून गेले, तोच ही ग्वाही देतो! २०२२ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं त्यास ख्रिस्तसभेचा आचार्य म्हणून घोषित केलें.

थोडा विचार करा. आपल्या दफनभूमींतहि कांहीं वर्षांनीं कबर पुन्हां उघडते आणि आंत हाडांवांचून कांहीं सांपडत नाहीं. अग्नि तासाभरांत जें करतो तेंच माती सावकाश करते. देवाला उठविण्यासाठीं आपण जपलेल्या हाडांची गरज असती, तर समुद्रांत बुडालेल्या आपल्या कोळी बांधवांचें काय? भाताचा दाणा चिखलांत कुजतो आणि वर हिरवें रोप येतें. संत पौलानेंहि करिंथकरांना दाण्याचाच दाखला दिला. उठलेल्या प्रभूच्या अंगावर खिळ्यांचे व्रण होते, आणि त्यानें शिष्यांसमोर मासा खाल्ला. तें भूत नव्हतें.

मग रडूं नये काय? अवश्य रडावें. लाजराला आपण उठविणार हें ठाऊक असूनहि प्रभु त्याच्या कबरेपाशीं रडला.

दहनाविषयीं ख्रिस्तसभेचें म्हणणेंहि सांगतों. १८८६ मध्यें रोमनें दहनास मनाई केली, कारण युरोपांत कांहीं मंडळी पुनरुत्थान नाकारण्यासाठींच त्याचा पुरस्कार करीत. १९६३ मध्यें ती मनाई शिथिल झाली. २०१६ मध्यें पुन्हां स्पष्ट केलें कीं दफन अधिक इष्ट. दहन केल्यास रक्षा पवित्र स्थळीं ठेवावी, उधळूं नये, साधारणतः घरींहि ठेवूं नये.

संत मोनिका ३८७ मध्यें ओस्तिया बंदरांत, आपल्या आफ्रिकेपासून दूर, मरणशय्येवर होती. देह कोठेंहि पुरा, असें तिनें मुलांस सांगितलें. मागणें एकच, प्रभूच्या वेदीपाशीं माझी आठवण करा. ज्या लेकींना आईला स्नान घालतां आलें नाहीं, त्यांना हें अजूनहि करतां येतें.

येत्या २ नोव्हेंबरला दफनभूमींत पवित्र मिस्सा होईल. महामारींत ज्यांचे अंत्यविधि राहून गेले त्यांचीं नांवें कार्यालयांत लिहून द्यावीं. मी तीं एकेक करून मोठ्यानें वाचणार आहें. ज्यांच्या घरीं रक्षेचा कलश अजून कपाटांत आहे, त्यांनीं संकोच न धरतां तो घेऊन यावा. जागा तयार ठेविली आहे.