गाडी रुसली तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पाककृतींवर बोलणाऱ्या मंडळात पुष्कळ आहेत. तेव्हा ‘तुम्ही तुमच्या गाडीवर बोला’ अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. ती पाळते.

आमची पद्मिनी १९८५ सालची. यांच्या पश्चात दोन वर्षे मी ती चालवली. गेल्या पावसाळ्यात माझ्या आजारपणामुळे दीड महिना ती दारात उभी राहिली, आणि मग काही केल्या सुरू होईना. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडले न उघडले तोच ‘बाई, इंजिनचे काम निघाले’ असे सांगून टाकले. भावोजी म्हणाले, “वहिनी, भंगारात द्या आता.” त्या रात्री मला झोप लागली नाही. यांनी जिवापाड जपलेली वस्तू माझ्या अज्ञानापायी जाणार, हे मनाला फार लागले.

सकाळी यांची वही काढली. पहिलीच ओळ होती : ‘एकामागून एक पाहावे.’ तसेच केले.

प्रथम बॅटरी. दिवे लख्ख लागले, सेल्फही जोरात फिरला. म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलही कार्बोरेटरपर्यंत येत होते. उरली ठिणगी.

गाडी न्यूट्रलमध्ये घालून हँडब्रेक ओढला. पेट्रोलचा वास कुठे येत नाही, याची खात्री केली. कॉइलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातून काढली आणि रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनच्या लोखंडापासून थोडे दूर धरले. हाताने मात्र धरू नये. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो. शेजारच्या मुलीने किल्ली फिरवली. ठिणगी नाही! इथे ठिणगी पडली असती, तर दोष पुढे, म्हणजे टोपण, रोटर किंवा प्लगमध्ये शोधायचा. पडली नाही, म्हणून मागे वळले.

टोपणाखाली ‘पॉइंट’ नावाचे दोन छोटे तुकडे असतात. ते मिटले की कॉइलमधून प्रवाह वाहतो. उघडले की तो तुटतो, आणि त्याच क्षणी बॅटरीच्या बारा व्होल्टांतून कॉइल ठिणगीपुरता दाब निर्माण करते. आमच्या पॉइंटांवर दमट हवेने राखाडी पापुद्रा चढला होता. त्यातून प्रवाह जाणार कसा? बारीक पॉलिश पेपरने ते घासले, स्वच्छ पुसले, आणि पॉइंट पूर्ण उघडे असताना मधले अंतर पुस्तकाबरहुकूम गेजने लावले. तरीही ठिणगी आली नसती, तर कंडेन्सर बदलून पाहणार होते. तशी वेळ आली नाही. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली, आणि मला रडू आवरेना.

नव्या गाड्यांत पॉइंट नसतात. तिथे हा प्रयोग कुणी करू नये.

हे बायकांचे काम नव्हे, असे कुणी म्हटले तर त्यांना बर्था बेंझबाईंची गोष्ट सांगा. १८८८ साली त्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्ट्सहाइमला सुमारे शंभर किलोमीटर मोटार घेऊन गेल्या. वाटेत तुंबलेली इंधननळी त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि ठिणगीच्या तारेला मोज्याचा बंद गुंडाळला, असे सांगतात.

भगिनींनो, प्रत्येकीने हात काळे करावेत, असे माझे म्हणणे नाही. पण ‘इंजिन गेले’ असे कुणी सांगितले, तर ‘आधी काय काय पाहिलेत?’ एवढे अवश्य विचारा.