मुलांचे वांकडे दांत आणि आईबापांची चिंता

दांतांना तार लावण्याचा प्रश्न घरांत निघाला, कीं आईबापांची चिंता एक आणि मुलाची चिंता दुसरीच, असें होतें. मुरगुडासारख्या गांवच्या आईबापांना खर्च दिसतो, कोल्हापुरास वरचेवर घालाव्या लागणाऱ्या खेपा दिसतात, आणि मुलगी असल्यास तिचें लग्नहि दिसूं लागतें. मुलाच्या मनांत मात्र दोनच प्रश्न असतात : दुखेल का, आणि वर्गांतलीं मुलें हंसतील का? या प्रश्नांची विचारपूस घरांत क्वचितच होते.

प्रथम आईबापांविषयीं. दुधाचे २० दांत पडून त्यांच्या जागीं कायमचे दांत येण्याचा काळ साधारणपणें ६ ते १२ वर्षांचा. आठव्या-नवव्या वर्षीं वरच्या पुढल्या दांतांत फट दिसली, तर लगेच घाबरूं नये. पुढें सुळे उतरले म्हणजे ती पुष्कळदां आपोआप मिटते. उलट, दुधाची दाढ किडून अकालीं काढावी लागली, तर शेजारचे दांत त्या जागेंत सरकतात व मागून येणाऱ्या दांतास वाट उरत नाहीं. म्हणून सातव्या वर्षाच्या सुमारास एकदां तज्ज्ञ दंतवैद्यास दाखवावें. दाखविलें म्हणजे तार लागलीच, असें नव्हे.

वरचा दांत काढल्यानें दृष्टि अधू होते, हा समज जुना खरा, पण निराधार आहे. दाटी फार असल्यास जागेसाठीं कधीं कधीं उपदाढा काढाव्या लागतात, इतकेंच. खर्चाची अडचण असणारांनीं दंतमहाविद्यालयांत चौकशी करावी. मुंबईस १९३३ सालीं स्थापन झालेलें नायर दंतमहाविद्यालय आहे. आपल्या जिल्ह्यांत नवे पारगांव येथें तात्यासाहेब कोरे दंतमहाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं अध्यापकांच्या देखरेखीखालीं विद्यार्थी उपचार करतात, व ते बहुधा स्वस्त पडतात.

आतां मुलांविषयीं. तारेचा सौम्य दाब पडत राहिला, म्हणजे दांताच्या एका बाजूचें हाड झिजतें, दुसऱ्या बाजूस नवें भरतें, आणि दांत हळूहळू सरकतो. यास बहुधा दीड-दोन वर्षें लागतात. अतिरेकी दाबानें मुळांस इजा होण्याचा संभव असतो. तार आवळल्यावर दोन-चार दिवस दांत ठणकतात. हें मुलाला आधींच सांगावें. "मुळींच दुखणार नाहीं" असें सांगून फसविलेलें मूल पुढें आपल्या खऱ्या बोलण्यावरहि विश्वास ठेवीत नाहीं.

आमच्या वेदगंगेच्या कांठीं मुलांना दांतांनीं ऊस सोलण्याची भारी हौस. तार असेतों तें बंद; चिक्की आणि फुटाणेहि बंद. प्रत्येक खाण्यानंतर दांत स्वच्छ घांसावे लागतात. तार निघाल्यावरहि दांत मूळ जागीं परतूं पाहतात. त्यांना आवरण्यासाठीं रिटेनर दीर्घकाळ वापरावा लागतो. वडिलांनीं पैसे भरले, तरी हीं सर्व पथ्यें पाळावयाचीं मुलानें. तेव्हां त्याचा मनापासून होकार नसेल, तर पैसा व श्रम दोन्ही वायां जावयाचे.

वर्गांत कविता म्हणतांना तोंडावर हात धरणारीं मुलें प्रत्येक शिक्षकानें पाहिलेलीं असतात. अशा मुलाला घरांत कोणी थट्टेनें हांक मारीत असेल, तर ती थट्टा आधीं थांबवावी. मग त्याला जवळ बसवून, तुला काय वाटतें, असें विचारावें. तें तूर्त नको म्हणालें आणि चावण्या-बोलण्यास अडचण नाहीं, विलंबानें हानि नाहीं, असें वैद्यानें सांगितलें, तर थांबावें. हिरड्या व हाड निरोगी असल्यास हे उपचार मोठेपणींहि करतां येतात.