लपून बसण्यात कसली आलीय मजा?

हेडफोन लावलेत ना? आजच्या विषयाला ते लागतीलच.

स्टेल्थ गेमचं नाव काढलं की एक प्रश्न हमखास येतो. हातात तलवार आहे, पाठीला बाण आहेत, मग अंधारात दबा धरून कशाला बसायचं? सरळ भिडायचं ना!

तर १९९८ मध्ये लुकिंग ग्लास स्टुडिओजचा ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ आला. हिरो गॅरेट, धंदा चोरी. तलवार आहे त्याच्याकडे, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की संपला खेळ. म्हणजे तुम्ही कच्चे आहात, हे गेमने आधीच ठरवून टाकलंय. आणि सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

आता फर्स्ट पर्सन का, ते बघा. ‘मेटल गिअर सॉलिड’मध्ये कॅमेरा वर असतो. आपला माणूस दिसतो, कोपऱ्यापलीकडचा गडीसुद्धा दिसतो. इथे तसलं काही नाही. तुमचं स्वतःचं अंगच तुम्हाला दिसत नाही, मग ते सावलीत आहे की उजेडात, कळणार कसं? म्हणून स्क्रीनच्या खाली एक छोटा मणी दिलाय. उजेडात तो चमकतो, अंधारात काळा पडतो. मशाल आड येतेय? पाण्याचा बाण मारा, विझवा.

पाठीमागचं तर दिसतच नाही. तिथे कान. गालिच्यावर पाऊल वाजत नाही. फरशीवर वाजतं, लोखंडी जाळीवर तर विचारूच नका. त्यासाठी शेवाळाचे बाण आहेत, मारले की जमीन मऊ होते. आणि जे तुम्हाला ऐकू येतं तेच पहारेकऱ्यालाही येतं. तो आधी नुसता थबकतो, मग शोधायला लागतो, मग धावून येतो. मधल्या वेळात स्वतःशीच बडबडतो, उंदीरबिंदीर असेल म्हणून परत फिरतो. तेव्हा आपण सोडलेला श्वास... कुठल्याच हेडशॉटला ती सर नाही, माझं स्पष्ट मत!

बीजीएमआय खेळणारे म्हणतील, पावलं तर आम्हीपण ऐकतो. बरोबर. पण तिथे ऐकायचं ते मारण्यासाठी. इथे ऐकायचं ते समोरच्याला जाऊ देण्यासाठी. ‘थीफ’मध्ये अवघड लेव्हल घेतली की माणसं मारायला बंदीच असते.

‘डिसऑनर्ड’चं, २०१२ चा, माझं थोडं भांडण आहे. गेम झकास, छपरावरून छपरावर क्षणात पोचणं म्हणजे तर लाजवाब. पण मारण्याची एकाहून एक भारी खेळणी हातात द्यायची, आणि ती वापरली की शहरात उंदीर वाढवायचे, शेवट काळा करायचा? अरे, मग दिली कशाला!

आणि एक सवय मात्र सोडा बुवा: दिसलो की लगेच लोड. पकडलं गेल्यावरचा अर्धा मिनिट हा या गेम्सचा सगळ्यात भारी भाग असतो. दिवा विझव, जिन्याखाली घूस, ते लोक शोधून थकेपर्यंत गप्प बस. रीलोड करणाऱ्याला हे कधी दिसतच नाही.

‘एलियन: आयसोलेशन’ने, २०१४ साली, यावर पक्का इलाज केला. कुठेही सेव्ह करता येत नाही. ठरलेल्या यंत्रापर्यंत चालत जायचं, कार्ड घालायचं, काही सेकंद थांबायचं, आणि तेवढ्यात एलियन मागून आला तर गेलात. त्याला बंदुकीने मारता येत नाही. तो कुठे आहे हे दाखवणारा ट्रॅकर हातात असतो, पण जवळ असला तर त्या ट्रॅकरची टिकटिक त्यालाही ऐकू जाते. कपाटात लपलेले तुम्ही, आणि ट्रॅकर बाहेर काढू की नको, यावर अडलेले.

हा गेम २०२१ च्या डिसेंबरपासून अँड्रॉइड आणि आयफोनवर आहे. विकत घ्यावा लागतो, जागाही बरीच खातो. टचवरची बटणं आधी नीट लावून घ्या, वाकून बसायचं बटण अंगठ्याखाली. लोकलमध्ये खेळू नका, काही ऐकू येणार नाही. रात्री, दिवे बंद करून. चला, भेटू पुढच्या भागात.