शिसपेन्सिल आणि माणसाचे चित्र
(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



चित्रकलेच्या तासाला साहित्य नाही, ही आपली नेहमीची तक्रार. रंग नसतील, परंतु शिसपेन्सिल दप्तरात असतेच. तीत शिसे मुळीच नाही, ग्राफाइट आहे. जुने नाव तेवढे चिकटून राहिले. युद्धामुळे इंग्लंडचे ग्राफाइट मिळेनासे झाले, तेव्हा फ्रान्समध्ये काँते याने १७९५ साली ग्राफाइटची पूड चिकणमातीत मिसळून भाजली. माती अधिक तर कांडी कठीण व रेषा फिकट. माती कमी तर कांडी मऊ व रेषा काळीभोर. एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांना हे साधन असे लाभले.

अँग्र या फ्रेंच चित्रकाराने १८१९ साली रेखाटलेले पागानिनी या व्हायोलिनवादकाचे चित्र पाहावे. चेहऱ्यावर अतिशय हलक्या छटा. कोट मात्र मोजक्या, मोकळ्या रेषांत सोडून दिलेला. त्यामुळे आपली दृष्टी आपोआप मुखाकडे वळते. सारा भाव हाताच्या कमी-अधिक दाबात आहे, आणि काय काढावयाचे नाही हे ओळखण्यात आहे.

आपल्याकडे रेखाटनाचे हे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत (स्थापना १८५७) मिळू लागले. तेथील शिक्षक लॉकवुड किपलिंग यांनी १८७० मध्ये उत्तर हिंदुस्थानात हिंडून कामात गढलेले कारागीर रेखाटले. त्यांचे सहकारी ग्रिफिथ्स यांनी पेस्तनजी बोमनजी प्रभृती विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. अजिंठा म्हणजे आपल्या खानदेशाचा उंबरठाच. जळगावाहून सुमारे ६० किलोमीटर. तेथील रेषा कुंचल्याची, जाड-बारीक होत जाणारी. पेन्सिलीची रेषा जाड होण्यापेक्षा गडद होते. सहलीला जाल तेव्हा हा भेद मुलांना एखाद्या चित्रातील हाताच्या बोटांवरून दाखवावा.

वर्गात आपण एकसारखी, स्वच्छ रेघ मागतो आणि ती चुकली की खोडरबर पुढे करतो. माझ्या मते रबराइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नसेल. मुलांनी कपाशी वेचणारी बाई काढावी. वाकलेल्या पाठीच्या सावलीकडे हात दाबावा. उन्हाच्या बाजूस रेघ जवळजवळ विरून जाऊ द्यावी. कमरेच्या झोळीचा भार खालच्या एका गडद रेषेने कळतो. पहिली रेघ चुकली तर ती तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ अधिक ठसठशीत काढावी. गुण देताना त्या जुन्या रेघेबद्दल वजा करू नयेत. पेन्सिलीचे टोक लांब काढावे. ती आडवी धरली की त्याच टोकाने छटाही भरता येतात.