अंतरिम कारभार : पनामा कालव्याची शिकवण
(व्याख्यानाचा मजकूर)



मोठे कार्य ओळखले जाते ते आरंभ करणाऱ्याच्या नावाने किंवा पूर्ण करणाऱ्याच्या. मधल्या काळात ज्याने ते सांभाळले, त्याचे स्मरण क्वचितच होते. विस्कटलेली घडी नीट बसवावी आणि सूत्रे योग्य हाती देऊन बाजूला व्हावे, यास व्यवस्थापनशास्त्रात ‘अंतरिम व्यवस्थापन’ म्हणतात. जेथे देशोदेशीची माणसे एकत्र राबतात, तेथे ही जबाबदारी अधिकच अवघड होते. पनामा कालव्याचा इतिहास याची साक्ष देतो.

सुएझचे यश पाठीशी असलेल्या फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ मध्ये येथे काम आरंभिले. सुएझ वाळवंटातले, पनामा डोंगर, महापूर आणि दाट अरण्याचे. तरीही तेथलीच पद्धत येथे लादली गेली. १८८९ मध्ये कंपनी बुडाली. रोगराईने व अपघातांनी वीस हजारांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे.

१९०४ मध्ये अमेरिकेने काम हाती घेतले. वर्षभरातच पीतज्वराची साथ पसरली, अनेक कर्मचारी पळाले, मुख्य अभियंत्यांनीही राजीनामा दिला. अशा वेळी, जुलै १९०५ मध्ये, रेल्वेबांधणीत मुरलेले जॉन स्टीव्हन्स तेथे दाखल झाले. त्यांची नेमणूक ‘अंतरिम’ म्हणून नव्हती; कार्य मात्र त्याच जातीचे ठरले.

त्यांनी प्रथम काय केले? खोदकाम थांबविले! वरिष्ठांना फावड्यांचा आवाज हवा होता. स्टीव्हन्स यांनी आधी माणसे जगविण्याचे ठरविले. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे हवाना येथे सिद्ध झाले होते व डॉ. विल्यम गॉर्गस यांनी तेथे त्याचे निर्मूलनही केले होते. पण पनामात त्यांचे कोणी ऐकत नव्हते. स्टीव्हन्स यांनी त्यांना माणसे व पैसा दिला. घरोघर धुरी, नळाचे पाणी, गटारे, निवासस्थाने उभी राहिली. नोव्हेंबर १९०५ नंतर पनामा शहरात पीतज्वराचा रुग्ण आढळला नाही. मग लोहमार्ग सुधारून माती वाहून नेण्याची व्यवस्था लावली. जलपाशांचा कालवाच शक्य आहे, हे त्यांनी १९०६ मध्ये अमेरिकी संसदेस पटवून दिले. एप्रिल १९०७ मध्ये त्यांनी पद सोडले. जॉर्ज गोएथल्स यांनी त्या पायावर काम तडीस नेले आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला.

परंतु या यशाला एक काळी बाजू आहे. बार्बाडोस व इतर कॅरिबियन बेटांवरील हजारो मजुरांना वेतन चांदीच्या नाण्यांत, गोऱ्या अमेरिकनांना सोन्याच्या. घरे, खाणावळी, दवाखान्यांतील कक्षही वेगळे. अमेरिकी काळात सुमारे ५,६०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य हेच मजूर होते. घडी बसविणाऱ्यांनी ही भिंत मात्र तशीच ठेवली.

ज्यांच्या भूमीवर कालवा झाला, त्या पनामाला हक्क मिळण्यास पुढे अनेक दशके लागली. १९७७ च्या करारानुसार ऑक्टोबर १९७९ पासून वीस वर्षांचा संक्रमणकाळ सुरू झाला. संयुक्त आयोगाच्या मंडळावर पाच अमेरिकी व चार पनामावासी सदस्य होते. १९९० पर्यंत प्रशासक अमेरिकी, त्यानंतर पनामाचा. भाषा वेगळी, रीत वेगळी, मनात जुनी कटुता. तरीही एकमेकांच्या शेजारी बसून काम शिकविले व शिकले गेले. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या स्वाधीन झाला आणि जहाजांची ये-जा अखंड चालू राहिली.

यातून बोध काय? अंतरिम कारभारी मालक नसतो, ठेव सांभाळणारा असतो. त्याने प्रथम माणूस पाहावा, मग काम. परक्या भूमीत जुने यश घेऊन जाताना तेथील माती आणि माणसे ओळखावीत. आणि आपल्यानंतरचा हात तयार करणे, हे आपल्या कामाचाच भाग मानावे. पन्नास वर्षे पूर्ण करून नव्या पिढीकडे सूत्रे सोपवू पाहणाऱ्या कोणत्याही संस्थेला ही शिकवण उपयोगी पडेल.