मालमोटारीचा सारथी

सारथी म्हटला कीं भरधांव रथ डोळ्यांपुढें येतो. परंतु जयद्रथवधाच्या दिवशीं ऐन रणांत श्रीकृष्णानें रथ थांबविला, घोडे सोडले, त्यांच्या अंगांतील बाण उपटले आणि त्यांस पाणी पाजलें, हें आपण विसरतों. कोठें थांबावें हें जाणणें, हेंही सारथ्यच आहे. आज ज्या सारथ्याची ओळख करून द्यावयाची तो घोड्यांचा नव्हे, अवजड मालमोटारीचा. त्याचें नांव कारेल लोप्राइस.

लोप्राइसचा जन्म १९४९ सालीं तत्कालीन चेकोस्लोव्हाकियांतील ओस्त्राव्हा शहरीं झाला. त्याचें आयुष्य टाट्रा कारखान्याशीं बांधलेलें होतें. आपला टाटा नव्हे, टाट्रा. हान्स लेडविंका या यंत्रज्ञानें १९२३ सालीं या कारखान्यांत मोटारीची एक निराळी रचना आणिली. सामान्य मालमोटारीचा सांगाडा शिडीसारखा असतो. टाट्राला मधोमध पाठीच्या कण्यासारखी एक जाड नळी असते, आणि चाकें फिरविणारा दांडा त्या नळीच्या आंत सुरक्षित राहतो. दोहों बाजूंचीं अर्धीं आंसें स्वतंत्रपणें खालींवर होतात. म्हणून एक चाक खड्ड्यांत गेलें तरी बाकीचीं जमीन सोडीत नाहींत. इंजिन हवेनें थंड होतें, त्यामुळें वाळवंटांत पाणी उकळण्याची धास्ती नाहीं. पुण्याच्या शस्त्रास्त्र-संशोधन संस्थेनें सिद्ध केलेली ‘पिनाक’ अग्निबाणांची प्रणाली टाट्रावरच बसविली गेली, तेव्हां ही गाडी आपणांस अगदींच परकी नाहीं.

लोप्राइसनें ती चालविली डाकारच्या शर्यतींत. थिएरी साबीन या फ्रेंच गृहस्थानें २६ डिसेंबर १९७८ रोजीं पॅरिसहून ही शर्यत प्रथम सोडली. सहारा ओलांडून सेनेगालमधील डाकार गांठावयाचें, असा तो बेत. मालमोटारींची पाळी बहुधा शेवटीं येते, म्हणजे पुढें गेलेल्या वाहनांनीं वाळू आधींच उकरून ठेविलेली असते. टेकडी चढतांना वेग कमी पडला तर चाकें रुततात. अधिक झाला तर माथ्यापलीकडे काय आहे हें कळण्यापूर्वींच गाडी अधांतरीं! मऊ वाळूंत टायरांतील हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरून भार वांटला जातो. खडकाळ जागीं ती पुन्हा भरावी लागते. खोलींत तिघे असतात: चालक, वाट सांगणारा आणि मिस्त्री. एकाच्या चुकीचें फळ तिघे भोगतात.

१९८७ सालीं ही शर्यत हॉलंडच्या यान डे रोयनें जिंकली. १९८८ सालीं तो दोन इंजिनांची डाफ मालमोटार घेऊन आला. हजारांहून अधिक अश्वशक्तीची ती गाडी शर्यतीच्या लहान मोटारींनाही मागें टाकूं लागली. परंतु त्याच शर्यतींत त्याच्या पथकाची दुसरी गाडी नायजरच्या वाळवंटांत भरवेगांत उलटली आणि तींतील केस व्हान लूवेझाइन हा वाट सांगणारा प्राणास मुकला. डे रोयनें शर्यत सोडली. लोप्राइस आपल्या म्युक व स्ताखुरा या साथीदारांसह पहिला आला. १९८९ सालीं तर मालमोटारींची स्पर्धाच झाली नाहीं.

प्रतिस्पर्धी निघून गेला म्हणून हा जिंकला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर पुढील वर्षांनीं दिलें. १९९४, १९९५, १९९८, १९९९ आणि २००१, असा तो आणखी पांच वेळां जिंकला, आणि ‘मस्यू डाकार’ या नांवानें ओळखला जाऊं लागला. पुढें रशियाच्या व्लादिमीर चागीननें सात विजय मिळवून त्याचा उच्चांक मोडला. डिसेंबर २०२१ मध्यें लोप्राइस निवर्तला.

त्याचा पुतण्या अलेश हाही याच शर्यतींत उतरला. आतां ती सौदी अरबस्तानांत भरते. जानेवारी २०२३ मध्यें अलेश मालमोटारींत सर्वांच्या पुढें होता. वाळूच्या टेकडीआड उभ्या असलेल्या एका प्रेक्षकास त्याच्या गाडीचा धक्का लागला आणि तो दगावला. चालकास तें त्या वेळीं कळलेंही नाहीं. कळलें तेव्हां हाताशीं आलेला विजय टाकून त्यानें शर्यत सोडली.

अशा खेळापायीं माणसांचे जीव कां धोक्यांत घालावे, असें घरोघरचीं वडील मंडळी विचारतील. हा प्रश्न रास्त आहे, आणि लोप्राइसच्या सहा विजयांनींही तो सुटत नाहीं. परंतु डे रोय आणि अलेश यांनीं गाडी उभी केली, त्या दिवशीं तो प्रश्न त्यांनाही पडला होता, एवढें मात्र आपण ध्यानीं ठेवावें. विजेत्यांच्या यादींत त्या दोन दिवसांची नोंद सांपडत नाहीं; म्हणून ती आज येथें केली.